तूरडाळ, चणाडाळ आणि एआय: मुलांसोबत घरी शिकायचं तर सुरुवात कुठून करायची

माझी मुलगी चौथीत आहे, आणि चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणाला सांगायला नको. जुलैमध्ये तिला वर्गात किल्ल्यांवर दोन मिनिटं बोलायचं होतं. मी स्वयंपाकात होते म्हणून तिच्या दादानं माझा फोन घेतला आणि एका चॅटबॉटला विचारलं, राजगडाची माहिती दे. धडाधड माहिती आली, छान मराठीत, एकही शब्द अडखळलेला नाही. त्यात मधेच एक वाक्य होतं की महाराजांचा राज्याभिषेक याच गडावर झाला. दादा वाचत पुढे निघून गेला आणि ही पोरगी ओरडली, "ए थांब, राज्याभिषेक रायगडावर झाला! ६ जून १६७४!" दादा म्हणाला, अगं एआय सांगतंय. ती म्हणाली, पुस्तकात आहे. दप्तर उघडलं, पुस्तक काढलं, पान काढून दादाच्या नाकासमोर धरलं.

मी गॅस बारीक करून बाहेर आले तेव्हा दोघं अजून भांडत होते. माझा मुलगा आठवीत आहे, चांगला हुशार आहे, त्यानंही चार वर्षांपूर्वी हेच पुस्तक वाचलंय, पण त्याला संशयच आला नाही कारण बाकीचं सगळं इतकं गुळगुळीत होतं. मुलीला आला कारण तो विषय तिला ताजा पाठ होता. मग जे विषय तिला पाठ नाहीत त्यांचं काय? आणि मला तरी कुठे सगळं पाठ आहे? तेव्हापासून आमच्या घरात असं ठरलं की एआय एकेकट्यानं कोपऱ्यात बसून वापरायचं नाही, सगळ्यांनी मिळून शिकायचं, मीसुद्धा. मी इथे सांगलीत एका पतसंस्थेत काम करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते, पण हे यंत्र आत नक्की करतं काय हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. गेले काही महिने रविवारी जेवणं झाली की अर्धा-पाऊण तास आम्ही बसतो, सासूबाईंसकट. त्यातून जे समजलं आणि जे घरी करून बघता येतं ते लिहितेय.

सगळ्यात आधी, चॅटबॉट आत काय करतो हे. हे समजावायला फोनही लागत नाही. मी मुलांना म्हटलं, गाळलेली जागा भरा: "आजी संध्याकाळी देवापुढे ___ लावते." दोघं एकदम म्हणाले, दिवा. मग मुलगी म्हणाली, उदबत्ती पण चालेल. बरं, आता दुसरं: "बाबा बाजारातून ___ घेऊन आले." भाजी, आंबे, चपला, सायकल, जे सुचेल ते. पहिल्या वाक्यात एकच शब्द जोरात पुढे येतो, दुसऱ्यात दहा शब्द येतात आणि कुठलाही चालतो. झालं, चॅटबॉट हेच करतो. आतापर्यंत आलेले शब्द बघून पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज घ्यायचा, त्यातला एक टाकायचा, मग तो धरून पुढचा, मग पुढचा. फोनवर मेसेज टाइप करताना कीबोर्डच्या वर तीन शब्द सुचवलेले दिसतात ना, त्याचंच हे फार मोठं, फार शिकलेलं भावंड म्हणा.

तो हा अंदाज शिकतो कसा? पुस्तकं, बातम्या, विकिपीडिया, वेबसाईट, असा माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याच्यापुढे ठेवतात, पुढचा तुकडा झाकतात आणि ओळखायला लावतात. चुकला की आतले आकडे किंचित हलवतात, परत विचारतात. हे इतक्या वेळा की मोजायला बसलो तर आयुष्य पुरणार नाही. याला ट्रेनिंग म्हणतात. त्यानंतर दुसरी पायरी असते, माणसं त्याची उत्तरं वाचून हे चांगलं, हे वाईट असं सांगतात आणि त्यावरून त्याची बोलण्याची पद्धत घडते, म्हणून तो नम्र वाटतो. ज्या रचनेवर आजचे जवळजवळ सगळे चॅटबॉट उभे आहेत ती गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एका पेपरमध्ये मांडली, तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आणि घराघरात हे पोचलं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यावर. हा तुकडा म्हणजे दर वेळी पूर्ण शब्द असतो असंही नाही, त्याला टोकन म्हणतात, आणि मराठी शब्दाचे साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. या तुकड्यांमुळेच एखाद्या शब्दात अमुक अक्षर किती वेळा आलंय असं विचारलं की तो कधी कधी चुकतो, कारण त्याला सुटी अक्षरं दिसतच नाहीत.

आता राजगड-रायगडाचं बघा. दोन्ही नावं सारखी, दोन्ही महाराजांच्या राजधान्या, आधी राजगड मग रायगड, दोन्ही नावं एकाच प्रकारच्या वाक्यांत हजारदा आलेली. अंदाज घसरायला अजून काय लागतं?

मला हे कळलं ते माझ्या कामाशी ताडून बघितल्यावर. आमच्याकडे खातेदार येतो आणि विचारतो, माझी शिल्लक किती? मी त्याचं खातं उघडते आणि आकडा वाचून सांगते. चेहरा बघून "साधारण बारा हजार असतील" असं म्हणत नाही. खातं सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणते. चॅटबॉटकडे असं उघडून वाचायचं खातंच नसतं, त्याच्याकडे फक्त "अशा प्रश्नाला अशी उत्तरं येतात" हा सराव असतो. म्हणून माहिती असो वा नसो, वाक्य तेवढंच छान येतं. काही चॅटबॉट आता इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, तेव्हा निदान खाली लिंक दिसतात, पण ती लिंक उघडून वाचायचं काम आपलंच. हे फक्त मुलांचं होतं असं नाही बरं का. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुन्या खटल्यांचे दाखले कोर्टात सादर केले आणि त्यातले कित्येक खटले कधी झालेलेच नव्हते. कोर्टानं पाच हजार डॉलर दंड केला. ही गोष्ट मी मुलाला सांगितली तेव्हा त्याला जरा धीर आला, कारण राजगडानंतर बहीण त्याला आठवडाभर चिडवत होती.

आता डाळीची गोष्ट. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

गूगलचं टीचेबल मशीन नावाचं एक मोफत पान आहे, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडतं, अकाउंट लागत नाही, आणि फोटो आपण स्वतः सेव्ह करून वर टाकले नाहीत तर आपल्याच मशीनवर राहतात. त्यात आपण दोन गट करायचे, प्रत्येक गटाला नाव द्यायचं, कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून बटण दाबून ठेवायचं की पटापट फोटो निघतात. मग ट्रेनचं बटण. मिनिटभरात ते शिकतं आणि मग कॅमेऱ्यासमोर काहीही धरलं की हा अमुक गट इतके टक्के, तो गट तितके टक्के अशा दोन पट्ट्या दाखवतं.

मुलीनं सुचवलं, डाळ शिकवू. तूर आणि चणा. कारण तिला स्वतःला त्यातला फरक कळत नाही आणि आजी तिला डबा आणायला सांगते तेव्हा हमखास चुकीचा डबा येतो. सासूबाईंनी दोन्ही काढून दिल्या. तूरडाळ हाताशी असलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या झाकणात ओतली, चणाडाळ स्टीलच्या ताटलीत. साठ-सत्तर फोटो याचे, तेवढेच त्याचे. ट्रेन केलं. झाकण धरलं, तूर. ताटली धरली, चणा. दोन्ही वेळा पट्टी जवळजवळ पूर्ण भरलेली. मुलं टाळ्या वाजवायला लागली, हे म्हणाले वा वा.

सासूबाई शांतपणे उठल्या, ताटलीतली चणाडाळ परत डब्यात ओतली, त्याच ताटलीत तूरडाळ घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

चणाडाळ. नव्वद टक्क्यांच्या वर.

दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "आई, त्यानं डाळ बघितलीच नाही. ताटली बघितली." आणि खरंच तसंच होतं. आम्ही त्याला पांढरं आणि चकचकीत यातला फरक शिकवला होता आणि आम्हाला वाटत होतं डाळीतला शिकवला. चूक त्या बिचाऱ्या पानाची नव्हतीच, आम्ही दाखवलंच तसं. मग परत सगळं पुसून सुरुवात केली. दोन्ही डाळी दोन्ही भांड्यांत, खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली, पेपरवर, तळहातावर, थोडी, भरपूर. आता बरंच जमायला लागलं, तरी हातातली मूठभर डाळ दूर धरली की गोंधळ व्हायचाच. सासूबाई म्हणाल्या, "मी तर डोळे मिटून सांगेन, चणाडाळ जाड असते, हाताला लागते." आणि त्यांनी खरंच डोळे मिटून सांगितलं. यंत्राला हात नाहीत, त्याला फक्त फोटो.

अजून एक गंमत त्याच दिवशी झाली. मुलीनं मूगडाळ धरली. यंत्र म्हणालं तूर. ती म्हणाली, अरे पण ही दोन्ही नाही! बरोबर, पण त्याला आपण दोनच नावं दिली होती आणि दोन पट्ट्यांची बेरीज शंभर व्हायलाच हवी, "मला माहीत नाही" अशी तिसरी पट्टी नव्हतीच. मग आम्ही तिसरा गट केला, "यातलं काहीच नाही", त्यात मूग, मसूर, रिकामी ताटली, मुलीचा चेहरा, सगळं टाकलं. मुलगा तेव्हा आपणहून म्हणाला, म्हणजे चॅटबॉटचं पण असंच होत असणार, काहीतरी उत्तर द्यायचंच. अगदी तंतोतंत तसंच नाही, पण मुळाशी जे आहे ते त्यानं बरोबर पकडलं, आणि हे मी दहा वेळा बोलून सांगितलं असतं तरी असं लागलं नसतं.

डाळीत चुकलं तर आमटीऐवजी दुसरं काहीतरी होईल, पण हीच गोष्ट माणसांच्या बाबतीत झाली तर? २०१८ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जॉय बुओलामविनी यांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याहून कमी आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या बायकांच्या बाबतीत जवळजवळ पस्तीस टक्क्यांपर्यंत. अशा यंत्रांना शिकवायला वापरलेल्या फोटोंत गोरे चेहरेच जास्त भरलेले असायचे. हे मी मुलांना वाचून दाखवलं तेव्हा मुलगी स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाली, "म्हणजे आपल्याला पण चुकीचं ओळखेल?" मी म्हटलं, शक्य आहे बाळा, म्हणून तर विचारायचं की कुणाचे फोटो दाखवून शिकवलंय.

मराठीचंही असंच आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले आपण आठ कोटी तीस लाख, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जाही मिळाला, पण इंटरनेटवर आपण लिहिलंय किती? मराठी विकिपीडियावर लेख लाखाच्या आसपास, इंग्रजीवर सत्तर लाख. यंत्र त्या साठ्यातून शिकणार, मग त्याची मराठी पुष्कळदा इंग्रजीच्या पोटातून आल्यासारखी वाटते. एकदा मुलानं "पळसाला पानं तीनच" या म्हणीचा अर्थ विचारला. उत्तर आलं की निसर्गात साधनं मर्यादित आहेत म्हणून ती जपून वापरावीत, वर पर्यावरणावर एक परिच्छेद. ऐकायला किती छान! सासूबाई आतून भाजी निवडत म्हणाल्या, "अरे कुठंही जा, पळसाला पानं तीनच असणार. म्हणजे सगळीकडं सारखंच. मुंबईला गेलास म्हणून सासू बदलत नाही." शब्दकोशात बघितलं, आजीचं बरोबर.

तेव्हापासून आमचा एक नियम झालाय की नवीन चॅटबॉट वापरायचा असेल तर त्याला आधी असं काहीतरी विचारायचं जे घरात कुणाला तरी पक्कं माहीत आहे. आजीला म्हणी, मला व्याजाचे नियम, यांना मोटरचं वायंडिंग, मुलीला चौथीचा इतिहास. तिथे तो कुठे चुकतो, कसा चुकतो हे बघितलं की बाकीच्या विषयात किती हात राखून राहायचं याचा अंदाज येतो. आणि घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी "हे चूक आहे" म्हणायची पाळी येते, मुलांसाठी तर ही फार मोठी गोष्ट आहे.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न मला ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त लोक विचारतात. आमच्याकडे जे झालं ते सांगते. आठवीला चक्रवाढ व्याज आहे. मुलानं गणिताचा फोटो काढून टाकला, पायऱ्यांसकट उत्तर आलं, वहीत उतरवलं, उत्तर बरोबर. दोन दिवसांनी बाईंनी फळ्यावर तसंच गणित दिलं आणि हा उभाच. मी रागावले नाही, पण मला वाईट वाटलं, कारण व्याज हे तर माझं रोजचं काम आणि त्यानं मला विचारलंही नव्हतं. मग आम्ही बसलो. गणित होतं, दहा हजार रुपये, द.सा.द.शे. दहा दरानं, तीन वर्षं. मी म्हटलं, आधी स्वतः सोडव. त्यानं लिहिलं, व्याज तीन हजार, रास तेरा हजार. मग चॅटबॉटला असं लिहायला सांगितलं: "मी आठवीत आहे. उत्तर सांगू नकोस. ही माझी पायरी आहे, चुकलो असेन तर फक्त एक प्रश्न विचार." त्यानं विचारलं, दुसऱ्या वर्षी तू व्याज कुठल्या रकमेवर मोजलंस? मुलगा थांबला. पेन फिरवत बसला. मग हळूहळू म्हणाला, अकरा हजारांवर मोजायला हवं होतं ना, पहिल्या वर्षाचे हजार त्यात मिसळले. अकराशे. मग बारा हजार शंभरावर, बाराशे दहा. तेरा हजार तीनशे दहा. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर. ते वरचे तीनशे दहा रुपये कुठून आले हे तो आता बहिणीलाही सांगू शकतो. एकच चॅटबॉट, एकच गणित, फरक फक्त काय मागितलं यात.

मला विचाराल तर अभ्यासात एवढंच बघावं: आधी स्वतःचं काहीतरी कागदावर आलंय का. निबंध असेल तर आधी पाच ओळी स्वतःच्या, मोडक्यातोडक्या का असेनात. त्यावर मग एआयला विचारा की यात काय राहिलंय, काय कळत नाहीये. कोऱ्या पानावर एआयला बसवलं की मुलाचं डोकं कोरंच राहतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. शाळाही आता या विषयाकडे वळतायत, सीबीएसईनं २०१९ लाच नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला, पण शाळेत शिकवतील म्हणून घरी थांबायचं कारण नाही, फोन तर घरीच आहे.

आता एक नाजूक गोष्ट. मुलीनं पावसावर चार ओळींची कविता केली होती, त्यातल्या पहिल्या दोन अशा: "पाऊस आला पत्र्यावर, ताशा वाजला छतावर." आम्ही ती चॅटबॉटला दाखवली, लिहिलं की माझ्या लहान मुलीनं केलीय, कशी आहे? अप्रतिम, हृदयस्पर्शी, उज्ज्वल भविष्य, कौतुकाचा पाऊस. मुलगी फुलली. मग नवीन गप्पा उघडून तीच कविता टाकली आणि लिहिलं, ही मला फारशी आवडली नाही, काय चुकलंय? लगेच यादी आली, यमक ओढूनताणून आहे, कल्पना नेहमीची आहे, लय तुटते. मुलीचा चेहरा पडला. तिनं विचारलं, "मग खरं कुठलं?"

मी तिला जवळ घेऊन सांगितलं की दोन्ही वेळा त्यानं आपल्या प्रश्नाचा कल बघून तसं लिहिलं. त्याला तुझी कविता आवडलीही नाही आणि नावडलीही नाही, आवडायला आत कुणी बसलेलं नाही. मला मात्र ताशा आवडला, कारण आपल्या मागच्या पत्र्यावर पाऊस खरंच ताशासारखा वाजतो आणि हे मी तुझ्याबरोबर ऐकलंय. आजी म्हणाली, पत्रा आणि छत एकच झालं की गं, एक बदल. ती विचार करायला लागली. हे असं बोलणं माणसंच करू शकतात असं मला मनापासून वाटतं.

हा प्रयोग मोठ्या मुलांसोबत तर जरूर करा, कारण तेरा-चौदा वर्षांची पोरं रात्री चॅटबॉटशी मनातलं बोलतात, आणि तो कधी कंटाळत नाही, कधी ओरडत नाही, बहुतेक वेळा हो ला हो म्हणतो. ओढ लागणं साहजिक आहे. ही ओढ आजची नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलिझा नावाचा साधासा प्रोग्रॅम केला, तो आपलंच वाक्य उलटून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी त्यांच्या सेक्रेटरीनं, जिनं तो प्रोग्रॅम बनताना डोळ्यांनी बघितला होता, थोडं बोलून झाल्यावर त्यांना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? मोठ्या बाईचं असं होतं तर आपली मुलं तर मुलंच आहेत. मूल असं बोलताना दिसलं तर फोन हिसकावू नका, विचारा की काय बोलत होतास, मलाही सांगशील का. आणि खरंच काही जड चाललंय असं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत, तिथे माणूस फोन उचलतो.

अकाउंटचं थोडक्यात. चॅटजीपीटीच्या नियमांत वय किमान तेरा आणि अठराच्या आत असेल तर पालकांची परवानगी लागते, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पालकांसाठी वेगळी सेटिंगही आणली. म्हणून आमच्याकडे मुलीचं अकाउंट नाही, ती माझ्या फोनवर, मी शेजारी असतानाच. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर अठराच्या आतल्या सगळ्यांना मूलच मानतो आणि त्यांची माहिती घ्यायला आईवडिलांची संमती मागतो. पण कायदा आपल्या जागी, आपण काय टाइप करतो ते आपल्या हातात. मी मुलांना सांगितलंय, गावच्या चावडीवरच्या फळ्यावर लिहायला चालेल तेवढंच चॅटबॉटला लिहायचं. पूर्ण नाव, शाळा, आधार, रिक्षा किती वाजता येते, गणवेशातला फोटो, घरातली भांडणं, यातलं काही नाही. सेटिंगमध्ये तुमच्या गप्पा पुढच्या ट्रेनिंगला वापरू का असा एक पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो शोधून बंद करा, आणि शोधायचं काम मुलाकडेच द्या, त्याला पटकन सापडतं आणि असा पर्याय असतो हेही कळतं.

आवाजाचंही सांगून ठेवते. थोडासा आवाज मिळाला तरी आता हुबेहूब नक्कल करता येते, आणि "आई मी अडकलोय, पैसे पाठव" असे फोन येतात. आम्ही घरात एक शब्द ठरवलाय, असा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. सासूबाईंनी निवडलाय, त्यांच्या लहानपणीच्या म्हशीचं नाव, आमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड, हे मी कामावर रोज बघते.

या रविवारी मेथी आणि कोथिंबीर शिकवायचीय. मुलीनं वहीच्या मागच्या पानावर यादी केलीय: दोन्ही एकाच ताटात, दिवसा पण आणि रात्री पण, ताजी पण आणि सुकलेली पण, आजीच्या हातातली जुडी, निवडलेली, चिरलेली, आणि "यातलं काहीच नाही" मध्ये शेपू.